शाल नको, कर्ज-ए-हसना द्या

परदेशी गेलेला माणूस आमच्या समाजाला नवा नाही. महाड, श्रीवर्धन, खेड, दापोलीकडच्या मोहल्ल्यांत ज्या घरातले कुणीच आखातात राबलेले नाही असे घर मुश्किलीने सापडेल. इकामा, कफील, मेडिकल, एजंट हे शब्द आमच्या आयांना तोंडपाठ आहेत. कुवेतचा दिनार आज कितीला आहे, हे सही न करता येणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक असते. गावातला पोरगा ‘बाहेर’ निघाला की सगळी बिरादरी हलते. मामू तिकिटाचे पाहतो, खाला बांगड्या गहाण ठेवते, शेजारचा आपल्या कफीलजवळ शब्द टाकतो आणि मागे राहिलेल्या बायकापोरांवर चार घरे लक्ष ठेवतात. कुठल्याही सरकारी योजनेशिवाय, कुठल्याही ठरावाशिवाय हे पन्नासएक वर्षे चालले आहे. आमच्या समाजाने स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले हे फार मोठे काम आहे, असे आम्ही मानतो.

हीच बिरादरी संशोधनासाठी बाहेर निघालेल्या मुलामागे, आणि त्याहून मुलीमागे, उभी राहत नाही. ती टाळ्या वाजवते. आमचे भांडण या टाळ्यांशी आहे.

आम्ही म्हणजे जर्मनीतल्या तीन-चार शहरांत विखुरलेले काही मराठी मुस्लिम मुलगे आणि मुली. कुणी पीएच.डी. करतो आहे, कुणी ती संपवून पुढच्या कराराची वाट पाहते आहे. काहींची घरे कोकणात, काहींची सोलापूर-बीडकडे. सुटीत गावी आलो की आमच्याविषयीची दोनच चित्रे आम्हाला भेटतात. एक म्हणजे, जर्मनीला आहे, युरोत कमावतो, घराचा स्लॅब अजून का पडला नाही? दुसरे म्हणजे चौकातला फ्लेक्स. त्यावर नगरसेवकाच्या फोटोखाली आमचा फोटो, ‘कौम का नाम रोशन करनेवाले’ अशी ओळ, आणि संध्याकाळी शाल, गुलदस्ता, ट्रॉफी. यातले एकही चित्र आमचे नाही.

आमचा दिवस कसा असतो ते सांगतो. आमच्यातले बहुतेक जण पेशींवर काम करतात. सदतीस अंशांच्या कपाटात प्लास्टिकच्या बाटल्यांत पेशी वाढत असतात. त्यांना दोन-तीन दिवसांनी नवे अन्न द्यावे लागते, दाटी झाली की वेगळ्या बाटल्यांत वाटून घालावे लागते. पेशींना रविवार कळत नाही आणि ईदही कळत नाही. एका प्रथिनाची तपासणी करायला दोन-तीन दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिथे काळी रेघ उमटायला हवी तिथे काहीच उमटत नाही. मग पाणी बदलायचे, रसायन बदलायचे, पुन्हा सुरुवात. असे महिनोन्‌महिने जातात. काहीच न निघणे हाही या कामाचाच भाग आहे, हे घरी फोनवर सांगता येत नाही. चाचा विचारतात, “काय शोध लावलास रे?” त्यांना काय सांगावे? या महिन्यात एक चूक कुठून येते ते सापडले, एवढेच खरे उत्तर असते.

पगाराचेही ऐकाच. इथे पीएच.डी. करणाऱ्याला पुष्कळदा पूर्ण नोकरी मिळत नाही, अर्धी किंवा दोन तृतीयांश मिळते. म्हणजे पगार तेवढा. काम मात्र पूर्ण, आणि शनिवारच्या पेशी वेगळ्या. त्या पगारातून कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेरोजगारीचा विमा कापला जातो. घरात टीव्ही नसला तरी रेडिओ-टीव्हीची वर्गणी म्हणून दर घराला महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात. मग भाडे. भाड्याच्या घरासाठी अर्ज केला की नाव वाचूनच उत्तर येत नाही, हा अनुभव आम्हाला नवा नव्हता. पुण्या-मुंबईत घर शोधलेल्या मुस्लिमाला त्यात नवे काय असणार!

आणि सगळ्यांच्या मुळाशी आहे तो करार. जर्मनीत २००७ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार विद्यापीठ संशोधकाला डॉक्टरेटआधी सहा वर्षे आणि नंतर सहा वर्षे मुदतीच्या करारावर ठेवू शकते. त्यानंतर कायमची जागा मिळाली नाही तर वाट संपते. या कायद्याचे गुणगान करणारी एक चित्रफीत तिथल्या सरकारने काढली होती. तिच्यात ‘हाना’ नावाची एक काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती, आणि जुनी माणसे जागा अडवून बसू नयेत म्हणून ही ये-जा हवी, असा तिचा सूर होता. २०२१ मध्ये हजारो जर्मन संशोधकांनी ‘मीच ती हाना’ म्हणत त्यावर रान उठवले. जर्मन हानाची नोकरी संपते तेव्हा ती निदान आपल्या देशात बेकार होते. आमचा करार संपत आला की मुदतवाढीसाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत खेटे सुरू होतात, कारण इथे राहण्याचा परवाना त्या कराराला बांधलेला असतो. आमच्यातल्या एकीचे वडील पंचवीस वर्षे कुवेतला वेल्डर होते. तिने हे सगळे समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुझाही इकामाच की!” आम्हाला भेटलेल्या साऱ्या सत्कारमूर्तींच्या भाषणांपेक्षा त्या वेल्डरला आमचे काम जास्त कळले होते.

ही तुलना ताणू नये, हे आम्हीही जाणतो. इथे पासपोर्ट कुणी काढून घेत नाही. वर्षाला तीस दिवस रजा मिळते, संघटना आहे, कोर्ट आहे. आमच्या बापांनी वाळवंटात जे सोसले त्याच्या पासंगालाही आमचे हाल पुरणार नाहीत. पण जात एकच आहे. आम्ही मुदतीच्या करारावरचे मजूर आहोत. हत्यार तेवढे निराळे.

दीन कसा सांभाळता, असा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. २०१६ साली रमजान जूनमध्ये आला. तेव्हा हॅम्बुर्गला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत होता. अठरा-एकोणीस तासांचा रोजा धरून हातात पिपेट स्थिर ठेवावी लागे. डिसेंबरात उलटे होते. चार वाजताच मगरिब, म्हणजे जुहर, असर, मगरिब तिन्ही नमाजी कामाच्या वेळेत. जुम्याला नेमका सेमिनार. विद्यापीठांत ‘शांततेची खोली’ असे, तिथे नमाज पढता येई; २०१६ च्या सुमारास काही विद्यापीठांनी या जागा बंद केल्या. आता बहुतेक जण दोन कपाटांच्या मधली फूटभर जागा शोधतात. गोळी-चॉकलेटच्या पाकिटावर जिलेटिन लिहिले आहे का, हे वाचायला आम्ही जर्मन भाषेतले अगदी पहिले शब्द शिकलो. ईदच्या दिवशी पेशी कोण सांभाळतो? शेजारच्या टेबलावरची जर्मन मुलगी. नाताळात तिच्या पेशी आम्ही सांभाळतो. याचा गाजावाजा कुणीच करत नाही.

आणि भीती? तीही आहे. १ जुलै २००९ रोजी ड्रेस्डेनच्या न्यायालयात मरवा अल-शर्बिनी या इजिप्शियन औषधशास्त्रज्ञ बाईला भर कोर्टात भोसकून मारण्यात आले. ज्याने तिला हिजाबवरून शिव्या दिल्या होत्या त्याच्याच खटल्यात ती साक्ष द्यायला आली होती. ती गरोदर होती, तीन वर्षांचा मुलगा तिथेच होता. तिला वाचवायला धावलेल्या नवऱ्यालाही त्याने भोसकले, वर पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तो नवरा त्याच शहरातल्या माक्स प्लांक संस्थेत पीएच.डी. करणारा संशोधक होता. आमच्यासारखाच. २०२० च्या फेब्रुवारीत हानाऊ गावात परदेशी वंशाच्या नऊ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकणारा पक्ष २०.८ टक्के मते घेऊन दुसरा आला. हे सगळे आम्ही ट्राममधून कामावर जाताना मनात बाळगून असतो. आणि गावाहून फोन येतो, “तिकडे जाऊन दारूबिरू पीत नाहीस ना?”

मराठी मंडळींचे जाता जाता सांगून टाकतो. इथल्या गणेशोत्सवाला आम्ही जातो, मोदक खातो, गप्पा मारतो, आणि कुणी तरी हमखास म्हणते, “तुमचे मराठी किती छान आहे हो!” सात पिढ्या मराठी बोलणाऱ्याने यावर काय म्हणावे? मशिदीत पाकिस्तानी दोस्त विचारतात, तुमची उर्दू अशी का? या वार्षिकाच्या वाचकांना हे दुखणे नव्याने सांगायला नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. मग अडते कुठे? दारातच अडते. तिथे एम.एस्सी.ला जाणाऱ्याने वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. रुपयांत दहा लाखांच्या वर. बँकेकडे गेले तर एवढ्या कर्जाला ती सहसा तारण मागते, आणि व्याज असतेच. आणि व्याज म्हटले की घरात बैठक बसते. व्याज हराम आहे, मोठे अब्बा नको म्हणतात, मौलाना नको म्हणतात. ठीक. व्याज हराम आहे, आम्हाला मान्य आहे. त्यावर आमचा एकच सवाल आहे. ज्या दीनने व्याज हराम केले त्याच दीनने कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, पुण्याचे ठरवले. ते कुठे आहे? आखाताच्या एजंटाला द्यायला बांगड्या निघतात, तेव्हा कुणी फतवा विचारत नाही. लग्नाच्या हॉलला, दोन हजार माणसांच्या बिर्याणीला पैसे निघतात. मुलगी प्रवेशपत्र घेऊन उभी राहते तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम शरियत आठवते. व्याज तिच्यापुरते हराम आणि कर्ज-ए-हसना कुणालाच फर्ज नाही, अशी ही सोयीची दीनदारी आहे. आमच्यातल्या दोघांची एकेक वर्षे याच बैठकीत गेली. त्यांच्या बरोबरच्या एका मुलीचे वर्ष गेले ते परत आलेच नाही. आज ती गावात ट्यूशन घेते.

सरकारने काय केले, असे विचाराल. २००६ मध्ये सच्चर समितीने लिहून ठेवले की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीला पंचविसांत एक आणि पदव्युत्तर वर्गांत पन्नासांत एक विद्यार्थी मुस्लिम आहे. त्यानंतर २००९ मध्ये पीएच.डी. करणाऱ्यांसाठी मौलाना आझाद फेलोशिप आली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी ‘पढो परदेश’ ही योजना आली. २०२२-२३ पासून दोन्ही बंद झाल्या. फेलोशिप बंद करताना लोकसभेत कारण दिले गेले की तशाच दुसऱ्या योजना आहेत. याविरुद्ध बोललेच पाहिजे, मोर्चा निघाला तर आम्हीही सह्या पाठवू. पण आमच्या समाजधुरीणांना सरकारचे हे पाप इतके सोयीचे झाले आहे की त्याच्या आड ते स्वतः लपतात. आखातात जायला सरकारने कुठली फेलोशिप दिली होती? तेव्हा बिरादरी उभी राहिली ना?

याऐवजी आम्हाला मिळतो तो इतिहास. तालीमच्या प्रत्येक जलशात एक मुकर्रर तकरीर असते. चष्मा आम्ही दिला, अल्जेब्रा आम्ही दिला, इब्न अल-हैसमने प्रकाशाचे शास्त्र रचले तेव्हा युरोप अंधारात होता. खरे आहे, सगळे खरे आहे, चष्मा तेवढा सोडून. पण त्याच इब्न अल-हैसमविषयी जुने चरित्रकार सांगतात की कैरोत तो हस्तलिखितांच्या नकला विकून पोट भरत असे. ते कुणी तकरीरीत सांगत नाही, कारण ते सांगितले तर त्याच्या पोटाची सोय कुणी करायला हवी होती, हा प्रश्न येतो. आणि अब्दुस सलाम? १९७९ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल घेतलेला हा माणूस आमच्या एकाही पोस्टरवर का नाही? तो अहमदिया होता. त्याच्या देशाने १९७४ मध्ये घटना बदलून त्याच्या जमातीला इस्लामबाहेर काढले, आणि मेल्यावर त्याच्या कबरीच्या दगडावरून ‘मुस्लिम’ हा शब्द खोडला. आमचा अभिमानही फिर्का पाहून उभा राहतो.

हजार वर्षे मागे जाऊ नका. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर आणले. त्यांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. उगुर शाहीन यांचे वडील असेच कोलोनच्या फोर्ड कारखान्यात लागले. मुलगा चार वर्षांचा असताना जर्मनीत आला. पुढे त्याने आणि त्याची बायको ओझलेम तुरेची यांनी माइन्झला कंपनी काढली, आणि २०२० मध्ये कोरोनाची लस तिथून निघाली. त्याच महिन्यांत आमच्याकडची काही मंडळी लस हलाल की हराम याच्या बैठका घेत होती. आखातात राबलेल्या बापांची पोरे आम्हीही आहोत. शाहीन यांच्या वडिलांत आणि आमच्या बापांत आम्हाला फार अंतर दिसत नाही. फरक पुढच्या पायरीला हात देणाऱ्यांचा आहे.

यावर काय बोलले जाते तेही ठाऊक आहे. म्हणतात, हे लोक परत येत नाहीत. तीस वर्षे जेद्दाला काढलेल्या माणसाला कुणी पळपुटा म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. झाकिर हुसैन बर्लिनची डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले ते जामियाचे काम वाट पाहत होते म्हणून. आज महाराष्ट्रात पीएच.डी. झालेली माणसे वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. यायला जागा ठेवा, येऊ.

म्हणतात, मुली एकट्या कशा राहतील? हा प्रश्न कोण विचारते ते पाहा. ज्या मोहल्ल्यांत नवरे आखातात असताना बायांनी वीस-वीस वर्षे एकटीने घर चालवले, घर बांधून घेतले, गवंड्याशी भांडल्या, बँकेत रांगा लावल्या, पोरांचे प्रवेश केले, म्हाताऱ्या सासऱ्यांची मय्यत उचलली जाईपर्यंत सगळे निभावले, त्याच मोहल्ल्यांत हा प्रश्न येतो. आमच्यातल्या एकीच्या आईने अठरा वर्षे असे घर चालवले. मुलीला निरोप देताना तीच एकटी रडली नाही. मेहरमशिवाय सफर नको म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की २०१८ पासून आपल्या देशातून पंचेचाळीस वर्षांवरच्या बाया गटाने मेहरमशिवाय हजला जातात. हजला वाट निघाली. इल्मला का निघू नये? आणि लग्नाचे म्हणाल, तर पीएच.डी. झालेल्या मुलीला स्थळ मिळत नाही हा त्या मुलीचा दोष नाही. बारावी नापास मुलाला जर्मनीतली बायको चालते, फक्त तिने तिथला करार सोडून यावे लागते!

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग काढले तेव्हा त्यांनी त्या मुलांचा सत्कार केला नाही. राहायला खोली दिली, जेवायला दिले, जागा दिली. आम्ही तेवढेच मागतो आहोत.

हिशेब सांगतो, म्हणजे कुणाला तो अवाढव्य वाटायला नको. बंद खात्यातली रक्कम बुडत नाही. ती विद्यार्थ्यालाच दरमहा ९९२ युरो अशी खर्चाला परत मिळते. एम.एस्सी. करून पीएच.डी.ची नोकरी लागली की पगार सुरू होतो. महिन्याला दोनशे युरो परत केले तर साठ महिन्यांत पूर्ण कर्ज फिटते, बिनव्याजी. एका तालुक्याच्या जमातीने असा एक निधी उभा केला, दोन मुलांपुरता, तर तो फिरत राहील. गरजू विद्यार्थ्याला जकात देता येते असे अनेक उलेमा सांगतात, पण आम्ही जकात मागत नाही, कर्जच मागतो, लिहून घ्या, दोन साक्षीदार घ्या. कुराणात कर्ज लिहून ठेवायला सांगितलेच आहे. आम्ही जे सध्या पगारावर आहोत ते पहिला हप्ता आमच्याकडून घालायला तयार आहोत. रमजानच्या पावतीपुस्तकात मदरशाची, मशिदीच्या मिनाराची, कब्रस्तानच्या भिंतीची पाने असतात. त्यात या कामाचे एक पान कोणती कमिटी छापते, ते आम्हाला कळवा.